डावखुऱ्या नायिकेचा सिनेमा

चैत्र लागला की मंचरला माझ्या दुकानात दोन गोष्टींची गर्दी होते: कांद्याच्या गोण्यांची आणि यात्रांच्या पत्रिकांची. दुकान बारदानाचं. गोण्या, सुतळी, ताडपत्री, दाभण. उन्हाळी कांदा निघायला लागला की माणसं शटर उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेली असतात आणि माल घेता घेता आपापल्या गावच्या यात्रेची पत्रिका काउंटरवर ठेवून जातात. गुळगुळीत कागद, वर ग्रामदैवत, खाली देणगीदारांचे फोटो. कार्यक्रम सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच. पहाटे अभिषेक, मग मांडव-डहाळे, बैलगाडा शर्यत, कुस्त्या, संध्याकाळी तमाशा नाहीतर ऑर्केस्ट्रा. मी सगळ्या पत्रिका वाचते. त्यांत मी एकच ओळ शोधत असते आणि ती आता कुठल्याच पत्रिकेत नसते. पडद्यावर सिनेमा.

माझं माहेर ओझरच्या अलीकडचं, कालव्याच्या कडेचं. तिथल्या यात्रेत सिनेमा फुकट असायचा. यात्रा कमिटी नारायणगावहून यंत्र, जनरेटर आणि रिळांचे डबे टेम्पोत घालून आणायची. पडदा म्हणजे मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून शिवलेली मोठी चादर, दोन उंच वाशांना ताणून बांधलेली. यंत्र शाळेच्या बाजूला. म्हणून शाळेपुढचं पटांगण पुरुषांचं आणि पडद्याच्या पलीकडची, देवळाकडची बाजू बायकांची. आम्ही बायका-मुली सिनेमा मागून बघायचो. यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. पंगतीत आधी पुरुष बसतात, मागून बायका, तसंच हे. कापड पातळ होतं. चित्र आरपार यायचं, थोडं अंधुक, थोडं मळकट आणि उलटं. डावं ते उजवं. सुरुवातीची नावं उलटी दिसायची, ती वाचायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. आमच्या बाजूच्या निम्म्या बायकांना सुलटीही वाचता आली नसती.

जनरेटर मात्र आमच्याच बाजूला ठेवलेला असायचा. त्याच्या घरघरीत संवाद निम्मेच ऐकू यायचे. मधल्या रिकाम्या जागा माझी चुलती भरायची. तिला आम्ही सगळी मुलं काकूच म्हणायचो. पाय पसरून, शेंगा फोडत ती जाहीर करायची, "आता त्यो तिला म्हनतोय, माज्यासंगं चल. आन ती म्हनती, आदी आईला इचार."

"तुला गं काय ऐकू आलं?" मागून कुणीतरी विचारायचं.

"ऐकाया कशाला पायजे? त्वांडावरनं कळतंय."

"मग पुढं काय व्हनार ते बी सांग की, म्हंजी आमी घरी जातो झोपाया."

सगळ्या हसायच्या आणि त्या हसण्यात पुढचे दोन संवाद जायचे. मग काकू तेही सांगायची. पडद्यापलीकडून पुरुषांपैकी कुणीतरी ओरडायचा, "ए बायांनो, गप ऱ्हावा की जरा!" वारा आला की पडदा फुगायचा. आमच्या बाजूनं नायकाचे गाल फुगायचे आणि वारा पडला की तो आजारी माणसासारखा आत जायचा. घोंगडीचे केस पायाला टोचायचे. शेंगांच्या टरफलांचा, रॉकेलचा आणि दिवसभर तुडवलेल्या धुळीचा मिळून एक वास असायचा. गोण्यांचं नवं बंडल सोडताना मला अजूनही कधीतरी त्या वासाचा भास होतो. खरं तर त्याचा ज्यूटशी काही संबंध नाही.

गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर सिनेमाच्या बातम्या वाचते. बाकी चैन नाही, एवढी आहे. मराठी सिनेमाला चांगल्या वेळेचे खेळ मिळत नाहीत ही बातमी इतक्यांदा वाचली आहे की नुसती नावं बदलून तीच छापत असावेत. एक पडद्याची थेटरं बंद पडताहेत, तिथं मंगल कार्यालयं नाहीतर गाळे निघताहेत. कुणाचा गल्ला किती कोटींवर गेला. कुण्या हयात नसलेल्या नटाचा आवाज संगणकावर पुन्हा तयार केला म्हणे, त्यावरून वाद. आणि अलीकडे ही नवी टूम, की जुने सिनेमे घासूनपुसून, रंग उजळून, आवाज साफ करून पुन्हा थेटरात लावायचे. नव्याला कुत्रं विचारत नाही आणि जुन्याला गर्दी होते, असं लिहिणारे फार आश्चर्यानं लिहितात. मला नाही वाटत आश्चर्य. वापरलेलं बारदान धुऊन, झटकून आम्हीही विकतो, आणि ते नव्याच्या आधी खपतं.

या बातम्यांत एके दिवशी आमचा सिनेमा निघाला.

नाव सांगत नाही. नाव सांगितलं की ऐकणारा लगेच आपण तो कुठं पाहिला, कुणाबरोबर पाहिला हे सांगायला लागतो आणि माझं राहून जातं. एवढंच सांगते की त्यात एक नदी आहे, नदीवर नाव आहे आणि बाप अंथरुणाला खिळल्यामुळं त्याची पोरगी नाव चालवते. पलीकडच्या गावात नवा मास्तर येतो. पुढचं कुणालाही ओळखता येईल. ती पोरगी नदीकाठी उभी राहून चपटा दगड असा भिरकावते की तो टप्पे घेत पार पलीकडं जातो. डाव्या हातानं. आमच्या यात्रेत तो सिनेमा लागला त्या उन्हाळ्यात माझी चुलत बहीण सुमन, म्हणजे काकूची मुलगी, सगळं डाव्या हातानं करायला लागली. कालव्यात दगड डाव्या हातानं, सागरगोटे डाव्या हातानं. डाव्या हातानं भाकरी मोडायला लागली तेव्हा काकूनं तिच्या हातावर पळी मारली. सुमन म्हणाली, "ती न्हाई का मारत दगुड डाव्या हातानं?" काकू म्हणाली, "ती नावंत बसून जेवती का तुज्यासारखी?"

मोठेपणी कधीतरी मला उमगलं, की नायिका डावखुरी नव्हतीच. आम्ही चुकीच्या बाजूला बसलो होतो. तो सिनेमा नंतर पाहायला मिळाला नाही. टीव्हीवर लागला असेल तेव्हा मी दुकानात असेन. म्हणून ही उमज कागदावरच्या हिशेबासारखी राहिली, पडताळून पाहिलेली नाही. आता बातमीत होतं, की सिनेमा ठिकठिकाणी पुन्हा लागणार. खाली थेटरांची नावं होती, त्यांत आमच्याच हायवेवरच्या एका गावातलं जुनं थेटर होतं. रविवारी दुपारचा एकच खेळ.

मी सुमनला फोन लावला. ती अवसरी खुर्दला दिली आहे. कॉलेजच्या मुलांसाठी मेस चालवते आणि चांगली चालवते.

"सुमे, आपला पिक्चर लागतोय."

"आपला कंचा?"

मी नाव सांगितलं.

"आगं बया! त्यो नावंचा? लई रडले व्हते मी त्यात."

"रविवारी दुपारी. चल. मी रिक्षा घेऊन येते तुझ्या दारात."

"रविवारी? रविवारी पोरांची फीस्ट असती. दुपारच्याला जेवाया बसली की उठत न्हाईत मेली. तू मोबाईलवर बघ की. आसंल कुठंतरी."

"मोबाईलवर नको. एकदा पुढून बघायचाय. मागून बघितलाय तेवढा पुरे."

"मागून म्हंजी?"

"पडद्याच्या मागून. आपण बसायचो तिथून."

फोनमध्ये कढईत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "आपन कशाला मागं बसू? पुढंच बसलेलो आपन. आण्णांच्या शेजारी." आण्णा म्हणजे तिचे वडील.

"पुढं पुरुष असायचे, सुमे. आपण देवळाकडं. काकू, माझी आई, सगळ्या बायका."

"मागं बसल्यावर दिसंल कसं गं, येडे? पडदा हाय का काच हाय?"

"मांजरपाट होता. आरपार दिसायचं. तू नाही का डाव्या हातानं जेवायला लागलीस? काकूनं पळी मारली."

"मी? मी तर उजवी." ती हसायला लागली. "तुजं ल्हानपनापास्न आसंच हाय. मनाचंच कायतरी रचती. राव, तू दुकान कशाला घातलंस, तूच लिही की पिक्चर."

तिच्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर बराच वेळ मी सुतळीचा एकच गुंडा गुंडाळत बसले होते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडायला दोघांकडे काहीतरी आठवण असावी लागते.

मी तशी विचार करत बसणारी बाई नाही. माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला, आणखी कुणाला आठवत असेल? आई नाही. काकू नाही. घोंगडीवर आमच्या पुढं बसणाऱ्या ज्या बायका नावानिशी आठवतात, त्यांतली एकच हयात आहे आणि ती आता स्वतःच्या लेकीला ओळखत नाही. पुरुषांना विचारून उपयोग नाही. ते पुढं होते, त्यांना पडद्याच्या मागं बायका आहेत हे माहीत होतं, बायकांना काय दिसतंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. उरली सुमन. तिच्या डोक्यातला पडदा कधीतरी फिरून सुलटा झाला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर बाजार समितीतून दमून आलेला माणूस म्हणाला, "मागून काय न् पुढून काय, पिक्चर तर तोच ना?" येता का विचारलं तर म्हणाले, "मी येऊन झोपणार. एवढ्या लांब झोपायला कशाला न्यायचं मला?" ह्यात खोटं काही नाही. लग्नानंतर आम्ही पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात ते झोपले आहेत, आणि घरी येताना मी त्यांना गोष्ट सांगितली आहे. मुलीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "आई, असं होतं. माणसाला न घडलेल्या गोष्टी पण खऱ्याखुऱ्या आठवतात. त्याला नाव आहे." नाव असेल. मी तिला म्हटलं, तुला लहानपणी पडद्याच्या मागं बसायला लागलं नाही हे चांगलं झालं, आणि विषय बदलला.

मधल्या आठवड्यात माहेरची यात्रा झाली. भाचरांना कपडे, पेढे, देवाला नारळ, ते सगळं केलं. बैलगाडे पळतात त्या घाटावर मोबाईलवरून थेट प्रक्षेपण चालू होतं. घाटात उभी असलेली माणसंसुद्धा मान खाली घालून पडद्यावर बघत होती. शाळेपुढच्या पटांगणाला आता कंपाउंड आहे. दिवेलागणीच्या आतच आम्हा बायकांना घरात घेतलं. उसात बिबट्या आहे. गेल्या महिन्यात देवळामागून कुत्रं उचललं. माझी भावजय खिडकीच्या गजांना ओढून बघत म्हणाली, "तुमी त्या अंगाला राती बसायचा? आन भ्या न्हाई वाटायचं?" मी म्हटलं, तेव्हा बिबटे डोंगरात होते आणि बायका बाहेर. ती हसली. पण निदान तिनं मी बसायचे हे गृहीत धरलं, म्हणून मला तिचा फार चांगुलपणा वाटला. तिचा जन्म जुन्नर शहरातला, तिला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

रविवारी मी दुकान ह्यांच्यावर टाकलं आणि एसटीनं गेले.

थेटर मी ओळखते. बायपास झाल्यापासून त्या रस्त्याची गर्दी गेली आहे. बाहेर रसवंती, आतल्या आवारात लोकांनी लावलेल्या मोटारसायकली, त्यातल्या निम्म्या शेजारच्या दवाखान्यातल्या पेशंटच्या. भिंतीवर आमच्या सिनेमाचं नवं पोस्टर होतं. नायिकेचे गाल गुलाबी केले होते. तिकिटाच्या खिडकीशी बसलेला माणूसच डोअरकीपर होता, आणि बोलण्यावरून बाकी सगळंही तोच असावा. माझ्याच वयाचा.

"काकू, पाच माणसं झाली तर लावतो," तो म्हणाला. "मालकांनी सांगितलंय."

"किती झाली?"

"तुमी पहिल्याच."

बाकावर बसले. मग एक तरुण जोडपं आलं, ते पोस्टरकडं न बघता आत जायची घाई करत होतं. मग पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे आले, घामानं निथळत. "पंखे हायेत का आत?" एवढंच त्यांनी विचारलं. चार झाली. वेळ होऊन गेली. तो माणूस फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर दोन्हीकडं बघून आला, पाहुणे यायचे राहिल्यासारखा.

"मालक येणार आहेत का मोजायला?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

त्यानं जरा विचार केला. "मला धरा पाचवा," तो म्हणाला आणि वर यंत्राकडं गेला.

आत पंखे होते. मी मधल्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली. अंधार झाला. नावं सुलटी आली. पहिल्यांदाच मला कळलं की त्या सिनेमात कोण कोण होतं. मग नदी आली, आणि ती उलटी वाहत होती.

घर चुकीच्या बाजूला होतं. मास्तर उजवीकडून यायचा तो डावीकडून आला. नायिका दारातून बाहेर पडली की मी माझ्या आठवणीप्रमाणं एका बाजूला मान वळवायचे आणि ती दुसऱ्याच बाजूला जायची. स्वतःच्या स्वयंपाकघरात कुणीतरी सगळे डबे हलवून ठेवल्यावर होतं, तसं झालं मला. प्रत्येक गोष्ट ओळखीची आणि एकही जागेवर नाही. संवाद मात्र लख्ख ऐकू आले, शब्दन् शब्द. काकूनं सांगितलेल्यातलं काहीही कुणी बोलत नव्हतं. "आदी आईला इचार" असं नायिका म्हणतच नाही. ती म्हणते, मला आज वेळ नाही.

आणि मग ती नदीकाठी उभी राहिली, वाकून दगड उचलला, आणि भिरकावला. उजव्या हातानं.

मी शेजारी वळले. काही ठरवून नाही, तसं व्हायला पाहिजे होतं म्हणून. तिथं पर्स होती.

आम्ही मागं बसलो होतो. मनाचं रचलेलं नव्हतं. याहून पक्का पुरावा असू शकत नाही, कारण पुढं बसलेल्या माणसाला ही नदी कधीच उलटी वाटली नसती. या सगळ्या थेटरांत रांगा लावून हा सिनेमा पुन्हा बघणारे जे कोण आहेत, बातम्यांतले, त्या सगळ्यांना हा सिनेमा जसाच्या तसा परत मिळाला असेल. मला मिळाला तो त्यांचा. आमचा जो होता त्याला कुणी रंग उजळणार नाही. तो कुठल्या डब्यात नव्हताच, वाऱ्यानं फुगणाऱ्या कापडाच्या एका बाजूला होता.

मध्यंतरात मी बाहेर आवारात येऊन सुमनला फोन लावला. तिच्याकडं भांडी आदळत होती, मुलं हसत होती.

"सुमे, ती उजव्या हातानं मारते दगड."

"कोन?"

"पिक्चरमधली. नाववाली. उजव्या हातानं. म्हणजे आपण मागंच होतो. तू डाव्या हातानं मारायला लागलीस ते त्याच्यामुळंच."

"थांब गं... ए, त्यो श्रीखंडाचा डबा हिकडं सरकव. हां, बोल."

"आपण मागं बसलो होतो, सुमे."

ती क्षणभर थांबली. आठवायचा प्रयत्न केला असेल, असं मी धरून चालते. मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "बरं बाई. तू म्हनतीस तर बसलो आसू मागं. त्यात काय एवढं. ये एकदा हिकडं, जेवाया ये. ठेवते, चपात्या लागतील तव्याला."

वाद मी जिंकले होते. फोन पर्समध्ये टाकला. रसवंतीचा घुंगरू वाजत होता आणि रस्त्यावरून कांद्याचा एक ट्रॅक्टर गेला. गोण्या आमच्याच दुकानातल्या, सुतळीच्या गाठीवरून मी ओळखते. ते जोडपं मोटारसायकलवर बसून फाटकातून बाहेर पडलं. टोपीवाले म्हातारे आधीच एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले होते, त्यांचा घाम वाळला असावा.

तो माणूस पायऱ्या उतरून माझ्याजवळ आला. चहाचा कागदी कप त्यानं माझ्यापुढं धरला. मी घेतला.

"काकू, बाकीची गेली," तो म्हणाला. "आता तुमी एकट्याच. लावू का राहू दे? तिकिटाचे पैसे देतो परत, त्याचं काय न्हाई."

मी चहा प्यायले. गोड होता.

"शेवट तर तुम्हाला माहीत आसंल," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. "लावा."